पायऱ्या किती, कठडा कुठे, हेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत भटकंतीचे जे सदर येते, ते साठी-सत्तरी ओलांडलेली जोडपी अगदी मन लावून वाचतात. मुले मार्गी लागलेली, हाताशी वेळ आहे, पायही अजून चालतात, तेव्हा पुढच्या आठवड्यात कुठे जायचे हा घरातला रोजचा विषय असतो. पण सदर वाचून ते ठरत नाही. किल्ला कोणी बांधला, उंची किती, पुण्याहून अंतर किती, पिठले-भाकरी कुठे चांगली मिळते, हे सगळे त्यात असते. पायऱ्या किती आणि किती उंच, धरायला कठडा आहे का, मध्ये टेकायला जागा कुठे, स्वच्छतागृह वर आहे की फक्त खाली, परतीची शेवटची गाडी कधी, यातले काही नसते. या वयात बाहेर पडणे अडते ते नेमके इथे. अंतराने अडत नाही, पैशाने तर त्याहून कमी.

पर्वतीचेच घ्या. शहराच्या मधोमध असलेली टेकडी. वरचे देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले, आणि पायऱ्या १०३. हा आकडा ऐकून गुडघेदुखीचा माणूस खालूनच हात जोडतो. पण या पायऱ्या इमारतीच्या जिन्यासारख्या अरुंद नाहीत, चांगल्या रुंद आहेत. एका पायरीवर एकाहून जास्त पावले पडतात, आणि सगळी गंमत तिथे आहे. एका पायरीवर दोन पावले टाकली तर प्रत्येक वेळी तोच पाय वर चढतो. तीन टाकली तर पाय आलटून पालटून चढतात. ज्याचा एकच गुडघा दुखतो त्याने दोन पावलांचा ठेका धरावा आणि चढण चांगल्या पायाने घ्यावी. दोन्ही गुडघे सारखेच कुरकुरत असतील तर तीन लहान पावले टाकावीत, म्हणजे भार वाटला जातो. उतरताना क्रम उलटा करायचा, दुखरा पाय आधी खाली ठेवायचा. शरीराचे वजन हळूहळू खाली सोडण्याचे काम वरच्या पायरीवर राहिलेला पाय करतो, म्हणून तो धडका हवा. उतरण सोपी असते हा समज चुकीचा आहे. दम चढताना लागतो, गुडघा उतरताना बोलतो. तेव्हा अंगातली ताकद निम्मी संपली असे वाटले की तिथूनच मागे फिरावे, शिखर दिसत असले तरी.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्यामुळे शरीर त्याच बाजूला झुकते आणि गुडघ्यावरचा भार हलका व्हायचा तो होत नाही. काठीची उंची मोजायची रीत सोपी: बाहेर जाताना घालतो ती पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा, मनगटाच्या आतल्या घडीपाशी मूठ आली पाहिजे. आणि टोकाचे रबरी बूच महिन्यातून एकदा उलटे करून पाहावे. त्यावरच्या कंगोऱ्या झिजून बूच गुळगुळीत झाले की ओल्या शहाबादी फरशीवर काठीच आधी घसरते, माणूस तिच्या मागून. नवे बूच औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते, तरी आमच्या वयाच्या किती काठ्यांची बुचे झिजून धातू दिसू लागलेला असतो!

चष्म्याकडेही कोणी लक्ष देत नाही. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा खालचा भाग वाचनासाठी केलेला असतो. पायरी उतरताना नजर नेमकी त्यातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. नुसते डोळे खाली न वळवता हनुवटी छातीकडे आणून पाहिले की काचेच्या वरच्या भागातून पायरी स्वच्छ दिसते. ज्यांना हे सतत जमत नाही त्यांनी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा फिरण्यासाठी वेगळा करून घ्यावा.

आता जी अडचण चारचौघांत बोलली जात नाही तिच्याविषयी. सहल म्हटली की घरातली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत सोय मिळेल याची खात्री नसते. प्रोस्टेट वाढलेले पुरुषही हेच करतात. दुपारपर्यंत शरीर कोरडे पडते, त्यात रक्तदाबाची गोळी पोटात असते, आणि बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बरोबरच्यांना वाटते ऊन लागले. खरे तर सकाळपासूनचा तो न प्यायलेला पाण्याचा तांब्या नडलेला असतो. एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट घ्यावेत. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर सहलीच्या दिवशी ती परत आल्यावर घेता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. परस्पर टाळू नये. दोन-तीन तास बसून राहिल्यावर आपला थांबा येण्याआधी जागेवरच दोन्ही पावले दहा-बारा वेळा वर-खाली हलवावीत, मग उठावे आणि दांडी धरून दोन श्वास उभे राहावे. एवढ्याने पायांत साचलेले रक्त वर येते आणि तोल जात नाही. गाडी लागते म्हणून दुकानातून आणलेल्या काही गोळ्यांनी नुसती झोप येत नाही, प्रोस्टेटच्या रुग्णांची लघवीही अडू शकते. त्यापेक्षा पुढच्या बाकावर बसून नजर लांब रस्त्यावर ठेवणे आणि आवळासुपारी चघळणे बरे.

मधुमेह असेल तर देवस्थानाची रांग हा मोठा धोका. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते, रांग तासभर लांबते, जेवण मागे पडते आणि साखर उतरते. दरदरून घाम, हाताला कंप, एकाएकी चिडचिड अशी लक्षणे दिसली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटे बसवावे, फरक नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर दशमी किंवा पोळी खायला लावावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. चॉकलेट इथे उपयोगाचे नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पुडी दोघांच्याही खिशात हवी, कारण ज्याला ती लागते तो त्या क्षणी पिशवीची चेन उघडण्याच्या स्थितीत नसतो. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. गोठले की ते निकामी होते.

दोघांनी मिळून जाण्याची एक वेगळीच अडचण असते. दोघे एकाच वयाचे असले तरी दोघांचे दुखणे एक नसते. एकाला दम लागतो, दुसऱ्याचा गुडघा धरतो. चालीचा वेग हळू चालणाऱ्याने ठरवायचा, म्हणून त्याने पुढे चालावे. दुसरा मागे राहिला की आपोआप वेग जुळतो. नेहमी होते ते उलटेच: धडधाकट माणूस वीस पावले पुढे जाऊन थांबतो, मागचा धापा टाकत तिथवर पोचतो आणि तो पोचताक्षणी पुढचा पुन्हा निघतो. विश्रांती एकालाच मिळते. पैसे, औषधांची यादी, घरचे दूरध्वनी क्रमांक दोघांजवळ वेगवेगळे असावेत. दोन्ही मोबाइल एकाच पर्समध्ये आणि गर्दीत चुकामूक, हे कुठल्याही बसस्थानकावर घडू शकते.

म्हणूनच ठिकाण निवडताना आम्ही एक कसोटी लावतो: एकाला वर चढता आले नाही तर त्याने खाली दोन तास बसावे अशी जागा तिथे आहे का? असेल तरच त्या ठिकाणाला दोघांनी जाण्यात अर्थ आहे.

शहरापासून सुरुवात करायची तर मेट्रोने आमच्या पिढीवर उपकार केले आहेत, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या दोन मार्गांवर स्थानकांत लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला एकमेकांना भेटतात. तिथले भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, त्यामुळे मार्ग बदलायला दहा मिनिटे हाताशी ठेवावीत आणि सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्याने लिफ्टच्या खुणा पाहत जावे. आगाखान पॅलेसला कल्याणीनगर स्थानकावर उतरून रिक्षाने जाता येते. १८९२ मध्ये बांधलेली ही वास्तू, समोर प्रशस्त बाग, मोठी झाडे, आणि मागच्या बाजूला कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांच्या समाधी. देसाई इथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. फारशी चढ-उतार नाही, बसायला सावली भरपूर. पहिल्या सहलीसाठी याहून चांगली जागा शहरात नाही, असे आमचे ठाम मत आहे.

शनिवारवाडा मात्र दुपारी टाळावा. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला; उरली आहेत जोती, कारंजी आणि उघडे आकाश. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे आसरा सापडत नाही. सकाळी उघडताच जावे. राजा केळकर संग्रहालय उत्तम, पण जुन्या वाड्यातले मजल्यांचे जिने आहेत. एका दमात सगळे पाहण्याचा हट्ट करू नये, एका खेपेला एकच मजला पाहावा.

जरा लांबचा पल्ला. सिंहगडाला पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, बस पायथ्यापर्यंत जाते, तिथून वर जायला जीप मिळते. जीप भरली की सुटते. मागच्या बाकावर चढायला पायरी उंच असते आणि घाटाच्या वळणांवर धरायला फारसे काही नसते. चालकाच्या शेजारची किंवा मधल्या रांगेतली जागा मिळेपर्यंत एखादी जीप सोडून द्यावी. गाडीतळापासून पुणे दरवाजातून वर जाणारी वाट दगडी आहे, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते. शनिवार-रविवारी घाटात वाहने तास-तास अडकून पडतात, आणि गाडीत अडकलेल्या ज्येष्ठाला मधेच उतरून जाण्याची कुठलीच सोय नसते. मंगळवार-बुधवारचा दिवस धरावा, हिवाळ्यात ऊन वर आल्यावर निघावे. ज्याला चढायचे नाही त्याने वाहनतळाजवळच्या टपरीत दही खात दरीकडे बघत बसावे, जोडीदार तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत जाऊन येईल.

जेजुरी आणि मोरगाव एका दिवसात होतात. दोन्हींत सतरा-अठरा किलोमीटरचे अंतर आहे. आधी जेजुरी करावी, तीही सकाळी. गडाच्या पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, आणि वाटेत कमानी व दीपमाळा असल्याने टेकत टेकत जाता येते. कडेपठार म्हणजे वेगळी आणि याहून बरीच लांबची चढण, ती या दिवसात धरू नये. भंडाऱ्याने पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून मधून न चढता कडेने हात टेकत चढावे. अकरानंतर फरशी तापते. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांना बधिरता आली आहे त्यांना चटका कळतच नाही, फोड आलेला घरी गेल्यावर दिसतो आणि ती जखम महिनोन्महिने बरी होत नाही. देवळात अनवाणी जावे लागतेच, तेव्हा जाड सुती मोजे पिशवीत हवेतच. रविवार आणि सोमवती अमावस्या सोडून कुठलाही दिवस चालेल. मोरगावचा मोरेश्वर त्या मानाने सोपा, तिथे चढण अशी नाही.

लेण्याद्रीला मात्र विचार करूनच जावे. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेला हा एकच गणपती, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात. पायऱ्या तीनशेच्या आसपास. डोली मिळते, पण भाडे आधी ठरवावे आणि येण्या-जाण्याचे धरूनच ठरवावे. वाटेवर माकडे असतात आणि ती हातातली पिशवी ओढतात. दचकून मागे सरले की तोल गेलाच. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, पिशवी पाठीवर, आणि खाण्याचे सगळे सामान खाली ठेवून जावे. एकाला चढायचे नसेल तर दोघांनी ओझर करावे. तिथे देऊळ सपाटीवर आहे.

आमच्या मते जोडप्यांसाठी सर्वांत सुखाची सहल वाईची. स्वारगेटहून एसटी आहे. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, आणि जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावर १७०७ साल कोरलेली मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर ती इकडे आली. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची गरज नाही, वरच्या पायरीवर बसूनही नदी पुरेपूर दिसते. लोणावळा लोकलने मळवलीला उतरून कार्ला-भाजे करता येते, पण डब्याची पायरी उंच आहे, दोन्ही लेण्यांना भरपूर चढण आहे, आणि जाताना किंवा येताना एकदा पादचारी पूल चढावाच लागतो. दुपारी लोकलमध्ये मोठे अंतर पडते, म्हणून परतीची वेळ लिहून घेऊन मगच स्थानक सोडावे.

एसटीत मागच्या चाकावरची किंवा शेवटची जागा घेऊ नये. तिथे खड्ड्याचा हिसका सर्वांत जास्त बसतो, आणि हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला तेवढ्या एका हिसक्यानेही इजा होते. दोन्ही चाकांच्या मधल्या रांगा धराव्यात.

तिकिटाविषयी अजून फार गोंधळ आहे. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो, ते मागून घ्यावे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धे. म्हणजे तो ६८ आणि ती ६३ असेल तर दोघांचे मिळून एकच पूर्ण तिकीट होते. वय दाखवणारे ओळखपत्र जवळ हवे. ही सवलत पीएमपीच्या बसला लागू नाही. ती वेगळी संस्था आहे, तिचे ज्येष्ठांसाठीचे पास वेगळे. आधार कार्ड पुढे करून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. एसटीचा चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास छान आहे, पण अर्ध्या तिकिटाच्या हक्कदारांनी आधी बेरीज करून पाहावी.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे आणि तो अनेकांना ठाऊक नाही. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला, एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघे, अशी अट. मुलगा हौसेने स्वतःचे, बायकोचे आणि आई-वडिलांचे तिकीट एकत्र काढतो, प्रवासी चार होतात, कोटा लागू होत नाही आणि सत्तरीची आई मधल्या बर्थवर चढते. आई-वडिलांचे तिकीट वेगळे काढावे, दोघांचेच. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते.

आता आपल्याकडे आमची विनंती. भटकंतीच्या प्रत्येक लेखाखाली चार ओळींची चौकट द्यावी: पायऱ्यांची संख्या व कठडा, बसण्याच्या जागा, स्वच्छतागृह नेमके कुठे, आणि सार्वजनिक वाहनाची परतीची शेवटची वेळ. लेखकाला तिथे जाऊन आल्यावर ही माहिती टिपायला दहा मिनिटे पुरतात. पायऱ्या किती हे ‘थोड्या’ किंवा ‘बऱ्याच’ अशा शब्दांत नको, आकड्यात हवे, कारण तिशीतल्या लेखकाच्या ‘थोड्या’ म्हणजे आमच्या पुष्कळ.

आणि आपल्या वृत्तपत्रामार्फत देवस्थानांच्या व्यवस्थापनांना एक मागणे पोचवावे. चप्पल-स्टँडपाशी एक बाक ठेवा, गुडघ्याच्या उंचीचा, हाताला आधार असलेला. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला चढण जमते. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत चपलेचा पट्टा सोडवणे जमत नाही. दर्शनाला आलेली कितीतरी माणसे तिथूनच मागे फिरतात, आणि त्यांची मोजदाद कुठल्याच दर्शनबारीत होत नाही.

पुण्यापासून एका दिवसात होणाऱ्या ठिकाणांच्या चौकटी भरायला आमच्यासारखी जोडपी आनंदाने तयार होतील. आपण नमुना छापावा. पायऱ्या आम्ही मोजून पाठवू.

आपले,
एक ज्येष्ठ दांपत्य,
नवी पेठ, पुणे